माझे बूट आणि जाऊबाई

माझे पळायचे बूट राखाडी होते, त्यांना नारिंगी नाडी. एका लग्नासाठी कोल्हापूरला गेलो होतो, तेव्हा बाकीच्या बायका साड्यांच्या दुकानात बसल्या असताना मी एकटीच बाहेर पडले आणि ते घेऊन आले. तोवर मी कधी पळले नव्हते. मुलगा शिकायला पुण्याला गेला, सकाळचा डबा संपला, आणि ऑफिसला जाईपर्यंतच्या मोकळ्या वेळाचं काय करावं ते कळेना. म्हणून बूट घातले आणि मुरुगवाड्यातल्या आमच्या घरून पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याकडे चालत निघाले. चालता चालता पळायला लागले, एवढंच.

दम लागला की चालायचं, बरं वाटलं की पळायचं, असा सगळा आरामाचा कारभार होता. उजव्या बुटाची करंगळीजवळची जाळी विरली होती, तिथून वारा आत यायचा. टाचेखाली असं मऊ लागायचं की डांबरी रस्तासुद्धा अंगणासारखा वाटे. एका हाताला समुद्र, पुढे मिरकरवाड्याच्या होड्या, बर्फाची गाडी रिकामी होत असलेली, माशांचा वास. बर्फ फोडणारे एक काका मला रोज हात करायचे. त्यांना माझं नाव, घर काही माहीत नव्हतं, आणि मला ते फार आवडायचं. पुढे भगवती बंदराचा चढ दिसायचा. तो न चढताच मी परत फिरायचे. घरी पोचेपर्यंत नवरा उठलेला नसायचा.

मग श्रावणात आमच्या चिऱ्याच्या पायरीवरून शेवाळात पाय घसरला आणि गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, "पळणं सध्या विसरा. मी सांगेन तेव्हा बघू."

माझी धाकटी जाऊ आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. दीर बोटीवर असतो, महिनोन् महिने घरी नसतो. त्याच सुमारास तिच्या रक्तात साखर निघाली होती आणि तिला रोज चालायला सांगितलं होतं. चपला घालून चालून तिच्या पायाला फोड आले. एक दिवस ती खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तुमचे बूट नुसतेच पडलेत ना? मी घालू का थोडे दिवस? माप एकच आहे आपलं."

मी गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून बसले होते. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. "घे की," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावरून माझे बूट उतरताना ऐकू आले. तो आवाज मला बरोबर ओळखता आला. फाटक वाजलं, पावलं रस्त्यावर गेली, आणि मी पलंगावर पडून ती कुठवर पोचली असेल ते मनात मोजत राहिले. आता शेवटचं घर. आता वारा लागला असेल. आता करंगळीला गार वाटत असेल.

सुरुवातीला ती नुसती चालत होती. मग पळायला लागली. परत आली की लालबुंद तोंडाने माझ्या दारात टेकायची आणि सगळं सांगायची. एके दिवशी म्हणाली, "ते बर्फवाले काका बूट ओळखून विचारत होते, ती पळणारी वहिनी येत नाय का हल्ली? मी सांगितलं, गुडघा दुखावलाय. तर म्हणतात, बरं झालं, तुम्ही आलात तिच्या जागी."

ती हसली. मीही हसले. मग दिवसभर ते 'तिच्या जागी' माझ्या डोक्यातून जाईना. ऑफिसात दोनदा बेरीज चुकली.

तिने नाडी वेगळी बांधायला सुरुवात केली होती, दोन गाठी मारून. बूट आता जिन्याखाली माझ्या जागेवर नसायचे, वर तिच्या दाराशी असायचे. तिचं वजन उतरलं, साखर उतरली. येणारंजाणारं माणूस तिला बघून थांबायचं. माझ्या नवऱ्याने तर एकदा जेवताना कहर केला. "भगवती बंदराचा चढ चढते म्हणे ती न थांबता. तू जायचीस का गं तिथवर?"

"तुला काय माहीत मी कुठवर जायचे ते," मी म्हटलं. "तू झोपलेला असायचास."

तो आमटी भुरकत राहिला. माझ्या बुटांनी, माझ्याच वाटेने, ही माझ्यापुढे गेली होती.

गुडघा जरा बरा झाल्यावर मी एका सकाळी स्कूटर काढली. मासळी आणते, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे तिला पळताना बघायचं होतं. कशी पळते, वाकडी पळते का, धापा टाकते का. मिरकरवाड्यावरून पुढे गेले, चढ चढून वर आले, तर ती कठड्यावर बसली होती. हातात फोन. दीर व्हिडिओवर होता आणि ती त्याला खाली लागलेल्या होड्या दाखवत होती.

हिला दाखवायला कोणीतरी होतं, आणि तेही भर समुद्रातून बघत होतं.

मला बघून ती दचकली. "ताई, तुम्ही? इथे?" आणि फोन माझ्याकडे वळवला. दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्यामुळे ही पळायला लागली. रोज तुमचंच सांगते."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "माझं काय सांगतेस गो?"

ती नाडीशी खेळत बसली. मग म्हणाली, "तुम्ही रोज फाटकातून बाहेर पडायच्यात ना, मी वरून बघायचे. इतकी जळायचे, ताई. वाटायचं, ह्या बघा कशा चालल्या सगळं टाकून, आणि मी इथे एकटी चहा गाळत्येय. तुमचे बूट मागायला मला किती दिवस लागले असतील."

माझ्यावर कोणी जळत होतं हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण म्हणून माझं जळणं थांबलं नाही. ती उठली, कपड्यांवरची धूळ झटकली आणि उतारावरून पळत निघाली. वाकडी मुळीच पळत नव्हती. मी स्कूटरवरून मागोमाग हळूहळू येत राहिले.

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी मला परवानगी दिली. जावेने स्वतःसाठी नवे बूट आणले आणि माझे धुऊन, उन्हात वाळवून परत दिले. घातले तर टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली. पहिले काही दिवस पाय परक्या घरात असल्यासारखा बिचकत होता. मग एका सकाळी वारा सुटला, भरती होती, आणि मी कधी पळायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. गुडघा गप्प होता. मी मोठ्याने हसले. जाऊ पुढे होती, बरीच पुढे.

त्या रविवारी मी नवऱ्याला उठवलं आणि म्हटलं, आज तू चलायचंस. तो कुरकुरत थर्मास घेऊन आला आणि चढावरच्या त्याच कठड्यावर बसला. आम्ही दोघी लांबून पळत येत होतो, ती पुढे, मी मागे. त्याने चहाचा कप वर करून हात केला. तिनेही केला, मीही केला. तो हात कोणाला होता ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.