तरवडाला पाणी

“नाना, बादली खाली ठेवा, मारताय तुम्ही त्याला,” मी कुंपणावरून ओरडलो. माझा आवाज असा, की पलीकडच्या गावातल्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवतात. शेजारचे नाना मात्र काकूंनी लावलेल्या तरवडाच्या बुंध्याशी पाणी ओततच राहिले.

तरवड म्हणजे माळावरचं झुडूप. उंटानं त्याच्याकडे शिकवणी लावावी. विहिरी आटतात, पाखरं मुक्काम हलवतात आणि हा बेटा खडकात पाय रोवून हळद लागल्यासारखा फुलतो. काकू होत्या तेव्हा त्याला तांब्याभर पाणीही कधी मिळालं नसेल. त्या गेल्या आणि नानांनी त्याच्या आळ्यात समुद्र भरला. आता पानं गळून गेलीत, बुंध्याला कुबट वास येतोय. मायेनं ओतलेलं पाणीही जीव घेतं, आणि मरणाऱ्याला ओरडता येत नाही म्हणून मी ओरडत होतो.

शेवटी आत जाऊन मी त्यांचा हात धरला. “नाना, काकूंचं एवढंच उरलंय. याला तहानलेलंच ठेवायचं असतं.”

“तिलाही तसंच ठेवलं होतं,” नाना म्हणाले. “डॉक्टर म्हणाले, किडनीला झेपत नाही, घोटभरच द्या. पाणी मागतच गेली ती.”