डक्टमध्ये माणूस होता

पालेगावातल्या आमच्या इमारतीत एका रांगेतल्या सगळ्या किचनचं पाणी एकाच पाइपातून खाली जातं. आम्ही चौथ्या मजल्यावर. त्या आठवड्यात माझ्याकडे चकल्यांची मोठी ऑर्डर होती आणि तळून उरलेलं काळं तेल मी सिंकमध्येच ओतत होते. वरून गरम पाणी सोडलं की तेल निघून जातं, असं मला खरंच वाटायचं.

शुक्रवारी दुपारी सिंक तुंबलं. पाइप साफ करायची पावडर घरात होती. अर्धा पुडा ओतला, वर पाणी टाकलं. फसफस झाली, नाकाला झणका बसला, आणि पाणी हळूहळू खाली गेलं. वास जावा म्हणून मी खिडकी उघडली. ती डक्टमध्ये, इमारतीच्या आतल्या अरुंद उघड्या जागेत, उघडते. सगळे पाइप तिथूनच खाली जातात.

खालून ठोकल्याचा आवाज आला. वाकून बघते तर तळाशी एक माणूस उकिडवा बसून पाइपाचं झाकण पान्याने सोडवत होता. माझ्या पावडरचं पाणी त्याच झाकणामागे साठलेलं असणार, हे लक्षात आलं आणि मी ओरडले.

"दादा, थांबा! उघडू नका!"

त्याने वर पाहिलं. तेवढ्यात झाकण सुटलं आणि आतलं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. मग त्याची किंकाळी ऐकू आली.

मी अनवाणीच जिना उतरत सुटले. माणूस आंधळा केला मी, एवढंच डोक्यात. आणि खरं सांगते, दुसऱ्या मजल्यावर पाय अडले. पावडर टाकताना कुणी पाहिलं नव्हतं. पाइप सगळ्यांचा. परत वर गेले असते तरी कुणाला कळलं नसतं. तो पुन्हा ओरडला, तशी मी धावले.

तळमजल्यावरच्या काकूंनीच प्लंबर बोलावला होता. त्या पदराने त्याचा डोळा पुसायला जात होत्या.

"काकू, पुसू नका! पाणी ओता, नुसतं पाणी! मी पावडर टाकलीय वरून."

काकूंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. पण त्यांनी नळाला रबरी पाइप लावून पाणी सोडलं. मी त्याचं डोकं धरलं. "ताई, उजव्या डोळ्याने दिसत नाहीये," तो म्हणत राहिला. बराच वेळ पाणी सोडून आम्ही त्याला रिक्षाने अंबरनाथ पश्चिमेच्या दवाखान्यात नेलं. पावडरचा पुडा मी सोबत घेतला होता. डॉक्टरांनी तो वाचला, पुन्हा डोळा धुतला आणि म्हणाले, "लगेच धुतलात म्हणून बरं झालं. पण चार दिवस काही सांगता येणार नाही."

ते चार दिवस मी किचनमध्ये पाय ठेवला नाही. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला: दिसतंय, थोडं धुरकट, पण दिसतंय.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. तेल डब्यात साठवा, कढई आधी कागदाने पुसा, सिंकला जाळी लावा, आणि पावडर टाकलीच तर प्लंबरला आधी सांगा. कुणी मला बोल लावला नाही. मग तिसऱ्या मजल्यावरची बाई खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मीपण टाकली होती."