कोपऱ्यातली लाकडी जोडी

अक्का गेल्या, हे मला तीन दिवसांनी कळलं. त्यांच्या मुलानं माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर सांगितलं, आणि पुढच्या घराची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या म्हणाला. मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले... रडायचीही भीती वाटली. रडले असते तर रेखानं विचारलं असतं, आई, तू त्यांना भेटायला का नाही गेलीस? मी गेले होते. ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिच्या जुन्या वहीत लिहिते आहे.

आम्ही सांगलीकडचे. नवरा दुसऱ्याच्या दुकानात सोनं गाळायच्या कामावर, म्हणून चेन्नईला आलो आणि वेस्ट मांबलमला अक्कांच्या घरामागच्या खोलीत राहिलो. अक्का तंजावरच्या मराठी. बोलणं जुनं, मध्येच तमिळ. मी चौथी शिकलेली, कुणाशी बोलायची नाही. अक्का हसायच्या. ‘‘मांजर आलं तरी उठून उभी राहतेस गो तूं.’’

इकडे नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात. त्यात आधी नवराबायकोची लाकडी जोडी बसते. माझी जोडी मला अक्कांनीच पहिल्या वर्षी आणून दिली. पुढे त्यांच्या सुनेला पसारा नको झाला, तेव्हा अक्का आपल्या बाहुल्या माझ्या खोलीत मांडू लागल्या. चांदीच्या समया आणि तबक मात्र त्या पदराखाली लपवून आणायच्या. मुलानं ती चांदी बाहेर काढायची नाही म्हणून सांगितलं होतं. कुणाला बोलू नकोस, एवढंच त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

रेखा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली, त्या वर्षी आम्ही सरकारी मदतीचा अर्ज केला. गरीब घरच्या मुलांना ती मिळते, पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. मदत मिळाली नाही तर रेखानं कॉलेज सोडून कपडे शिवायच्या कंपनीत जायचं, असं तिच्या बापानं ठरवून टाकलं होतं. दाखल्यासाठी तालुका कचेरीतला माणूस घर बघायला येणार होता. तो नेमका कोलूत आला. शुक्रवारची संध्याकाळ, गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला बसलेल्या, समया लावलेल्या. नवरा काय करतो, त्यानं विचारलं. सोन्याच्या दुकानात, मी म्हणाले. त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं.

‘‘अम्मा, एवढी चांदी मांडून गरिबीचा दाखला मागता?’’

खरं सांगावं तर अक्कांचं गुपित फुटणार, गप्प राहावं तर रेखाचं कॉलेज जाणार. रेखा दाराशी माझ्याकडे बघत होती. मी वाकून समईची वात सारू लागले.

दाराजवळच्या पाटावरून अक्का सावकाश उठल्या. ‘‘चांदी माझी, सार. लेकाला चोरून आणली. हिची ती कोपऱ्यातली लाकडाची जोडी तेवढी.’’ मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, ‘‘भिऊं नको गो. त्यास सुंडल दे.’’ त्या माणसानं उभ्या उभ्या ते उकडलेले चणे खाल्ले आणि कागदावर लिहून घेतलं. दाखला मिळाला. रेखाचं कॉलेज टिकलं.

पण बायकांनी सगळं ऐकलं होतं. दोन दिवसांत मुलाला कळलं. चांदी लॉकरमध्ये गेली, आणि महिन्याभरात तो अक्कांना शहराबाहेर सिरुसेरीकडच्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेला. जाताना त्यांनी नुसता माझ्या गालावर हात ठेवला... तो हात मला अजून सोसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एकटी बसनं तिकडे गेले, डब्यात त्यांच्यासाठी पिठलं घेऊन. मोठं फाटक. वॉचमननं वही पुढे केली, नाव लिही, कुणाकडे जायचं ते लिही. चार माणसं मागं उभी. मी पेन उचललं आणि परत ठेवलं. पत्ता चुकला म्हणाले आणि परत फिरले. पिठलं बसस्टॉपवर कुत्र्याला घातलं.

आता रेखाचं शेवटचं वर्ष. दाखला नवा लागतो. तो माणूस पुन्हा येणार, नवरात्रही आलं. यंदा मी एकच पायरी मांडली, तिच्यावर ती जोडी. दाराजवळचा पाट तसाच ठेवला आहे, त्यावर कुणाला बसू देत नाही. दुपारी घरात कुणी नसलं की त्या पाटाकडे बघून तमिळमध्ये घोकते, या सार, बसा सार, विचारा, मी सांगते.

काल फाटक वाजलं. मी उठले, दार उघडलं आणि ते सगळं मोठ्यानं म्हणाले.

मांजर होतं. मी उभी होते.