मानेवरची लव

रामदासपेठेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्याच्या भिंतीवर लांबसडक केसांच्या बाईचं एवढं मोठं चित्र आहे, की पेशंटनं आत जाण्याआधीच हार मानावी. त्याच्याखाली, नंबराची वाट पाहणाऱ्या माझ्या शेजारी, ती येऊन बसली. उमरेडहून एसटीनं आलेली, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, भुवया पेन्सिलीनं काढलेल्या. खुर्चीला टेकण्याआधी तिनं पाठीवरची वेणी पुढे घेतली. वेणी नव्हतीच.

"सवय आहे," मी पाहिलं तशी ती हसली. "चाई लागली अन् सारे केस गेले. सासूनं कांदा चोळून चोळून डोकं सोललं. डॉक्टर म्हणते, आपल्याच अंगातले शिपाई केसांले दुश्मन समजून राहिले. आता नव्या गोळ्या चालू आहेत. बंद केल्या तं केस पुन्हा जाऊ शकते म्हणे."

मग ती जवळ सरकली. "ताई, मागून केस येऊन राहिले म्हणते घरचे. मले आरशात दिसत नाही. अन् घरचे तं माह्या मनासाठी काहीही सांगतीन. तुमी पाहा बरं."

तिनं ओढणी सोडून मान वाकवली. मी चष्मा पुसून पाहिलं. मानेच्या वर बारीक लव होती. खोटं बोलायची वेळ आली नाही, याचं बरं वाटलं.

"आहेत. पण पांढरे."

"पांढरे तं पांढरे. हात लावून सांगा."

मी बोट फिरवलं. "लागतात हाताला."

आतून तिचं नाव दोनदा पुकारलं. मी हात काढून घेतला होता, तरी ती मान वाकवून तशीच बसून राहिली.