केळीच्या घडाची गाठ

माझं माहेर खाडीपलीकडे, होड्यावाल्यांचं. नवरा वसईचा वाडीवाला. त्याच्या घराण्याने पाणी पाहिलं ते विहिरीचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं कॉलेजात गेली, तरी माझा बाप त्याला 'केळीवाला'च म्हणतो. नवऱ्याला ते फार लागतं. म्हणून त्याने एक जुनी, छोटी शिडाची होडी घेतली, महिनोन्‌महिने हात बसवला आणि एका रविवारी चर्चमधला मिस्सा झाल्यावर म्हणाला, "चल, आज तुला पाण्यातून माहेरी नेतो."

"बसने नेलंस तरी मी रागावणार नाही," मी म्हटलं.

ऐकेल तर शपथ. साडीवर लाइफ जॅकेट चढवून मी भोपळ्यासारखी बसले. त्याने वारा पाहिला, भरतीची वेळ पाहिली, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. चिडले होते, पण खरं ते सांगते, माणसाने होडी छान नेली. भरती पुरती भरली असताना आम्ही धक्क्याला लागलो. वाडीत केळीचा जड घड टेकूला बांधतात तसा त्याने होडीच्या पुढच्या टोकाचा दोर खांबाला घट्ट, आखूड बांधला. "इंचभर हलणार नाही," म्हणाला.

घरी बापाने त्याला नुसतं "आलास?" विचारलं. आमच्या बापाकडून हेही पुष्कळ. खुशीत नवऱ्याने सुरमईचे दोन तुकडे जास्त खाल्ले.

जेवणं उरकतात तोच माझा भाऊ हसत धावत आला. "भावोजी, होडी सुकत घातली काय?"

धक्क्यावर जाऊन बघतो तर ओहोटी लागून पाणी खाली गेलेलं आणि आमची होडी खांबाला नाकाने टांगलेली. शेपूट चिखलात. लाइफ जॅकेटं, डबा, सगळं घसरून मागे गोळा झालेलं. अर्धं गाव हसत होतं. नवऱ्याचे कान लाल झाले. मला इतकं वाईट वाटलं की मी सगळ्यांवर खेकसले, "तुमच्या घरी कामं नाहीत?"

भावाने दोर कापायला सुरी काढली. मागून बाप आला.

"कापू नको. आपटून फुटल. पानी येल, तेच उचलील तिला." मग त्याने ती गाठ चाचपली. "आख्खी होडी लटकली नि ही सरकली नाय. ही कोनी शिकवली तुला?"

"वाडीत... घडाला मारतो," नवरा पुटपुटला.

"दाव."

भरती येईपर्यंत दोघे धक्क्यावर बसले. बाप गाठ शिकत होता आणि मध्येमध्ये दोर किती सैल सोडायचा ते शिकवत होता. आवाज चढवूनच.

बाप अजून केळीवालाच म्हणतो. पण परवा आम्ही होडीने गेलो तेव्हा धक्क्याला त्याची होडी होती. दोर लांब, सैल आणि खांबाला आमच्या वाडीतली गाठ. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "आधी आपला दोर सैल सोड."