चालता येतं त्यांनाच

लोणावळा स्टेशनच्या बाकावर बसताना तिनं उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला. ती खंडाळ्यातल्या बंगल्यांवर स्वयंपाक करायची; त्यातला एक माझा. ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, तो मल्टिपल स्क्लेरोसिस तिला झाला होता. ती शक्ती पुसून नव्यानं घडवण्याचा प्रायोगिक उपचार पुण्यात होतो असं कळल्यावर ती तिथं गेली, आणि नकार घेऊन परतली.

“का नाही म्हणाले?” मी विचारलं.

“चालत व्हते तवा हितले डाक्टर म्हनले, अशक्तपना हाय, टॉनिक घे. आता तितले म्हंत्यात, चालता येतं त्यांनाच घेतो. मंग चालत व्हते तवा कुनी का न्हाई वळाखलं?”

माझं डोकंच तापलं. रिक्षापर्यंत सोडायला मी हात पुढे केला. तो बाजूला सारून, बाकाला धरत ती एकटीच उठली.