वहिनीची बाटली

"अगं, तू तेव्हा थोडीच असणार आहेस!"

असं म्हणून सर हसले. त्यांच्या पनवेलच्या घरात चहाला बसलेले दोघे शेजारीही हसले. मी दाराशी उभी होते. मला कुणी बस म्हणालं नव्हतं.

सरांनी मला शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते विम्याचे एजंट झाले. माझा नवरा गेला तेव्हा मी पोरीला घेऊन नेऱ्याला भावाकडे आले आणि औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. मधुमेह शाळा सुटली तेव्हापासूनचा. रोज इन्सुलिनची सुई. माझ्यामागे पोरीचं काय, या घोराने झोप लागत नसे. म्हणून विमा मागायला गेले होते.

सरांनी तोड काढली. "आजार सांगायचाच नाही. डॉक्टर लघवी तपासतो, ती घरून वहिनीची आण. सगळे हेच करतात."

मी विचारलं, "आणि मी मेल्यावर चौकशी झाली तर? पोरीला पैसे मिळतील?"

त्यावर ते हसले होते. माझ्या मरणावर. आणि मी, मूर्ख, मान खाली घालून "बरं सर" म्हणाले.

वहिनीने खोकल्याच्या औषधाची बाटली उकळून घेतली. सकाळी ती भरून, धुतल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. देवाचा प्रसाद द्यावा तशी.

"घ्या बाय. माज्या अंगात रोग नाय. त्यो गुण तुमाला लागू दे."

दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काही आजार?"

उत्तर सरांनी दिलं. "छे! ठणठणीत आहे."

डॉक्टरांनी बाटलीसाठी हात पुढे केला. टेबलावर परीक्षानळी होती. निळं औषध होतं. तसलंच माझ्या घरी आहे. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवलं, की साखर असेल तर रंग बदलतो. माझा रोज विटकरी होतो. आज निळाच राहिला असता. तो निळा रंग मला किती हवा होता! पण तो वहिनीचा होता. माझ्या पोरीला मी उसनं अंग ठेवून जाणार होते, आणि पहिल्याच चौकशीत ते कुणीतरी ओढून घेणार होतं. मला रडू फुटलं. रडतच बोलले.

"डॉक्टर, ही माझी नाही. मला मधुमेह आहे. तसं लिहा."

सर जिन्यात ओरडले. "माझं नाव घालवलंस! तुमच्या लोकांचं भलं करायला जाऊच नये."

तुमच्या लोकांचं. शाळेतही मागच्या बाकावर बसवताना हेच म्हणायचे.

"सर," मी म्हणाले, "मी अजून आहे."

विमा नाकारला गेला. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा वहिनीने भरलेली बाटली पाहिली. "माजी चालली नाय?" तिने विचारलं, आणि तिचा चेहरा पडला.

पूर्वी मी दार लावून सुई घ्यायचे, चोरी करावी तशी. आता उंबऱ्यावर बसते, उजेडात. जाणारायेणारा बघतो. बघू दे. पोर शेजारी बसते. सुई उकळायची कशी, औषध किती ओढायचं, अंगातली साखर उतरून मी घेरी येऊन पडले तर तोंडात साखर कशी घालायची, सगळं तिला शिकवलं आहे. मरण माझं आहे, ते मला ठाऊक आहे. पण त्यावर पुन्हा कुणी हसलं, तर मी मान खाली घालणार नाही.